आशाताईंच्या मनाचा शीण: तो साठू नये म्हणून काय करायचं

घरी बाळंतपण झालं तर पहिल्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत आशाताईच्या, म्हणजे गावातल्या आरोग्य कार्यकर्तीच्या, सात भेटी. दवाखान्यात झालं तर तिसऱ्या दिवसापासून सहा. प्रत्येक भेटीत हात धुवायचे, बाळाचं वजन करायचं, ताप बघायचा, श्वास मोजायचे, दूध नीट ओढतंय का ते आईला विचारायचं. गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेने उभी केलेली ही पद्धत १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली आणि २०११ पासून देशभरातल्या आशांच्या कामात शिरली. बाळासाठी तिच्यात पायरी न् पायरी आखलेली आहे. पण नवव्या दिवशी बाळ गेलं, तर दहाव्या दिवशी त्याच गल्लीतल्या दुसऱ्या बाळाकडे तीच पिशवी घेऊन जाणाऱ्या ताईने स्वतःच्या मनाचं काय करायचं? त्याच्या पायऱ्या इथे मांडल्या आहेत. त्या आशांसाठी आहेत, पण त्याहून जास्त त्यांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तकांसाठी आहेत, कारण हा शीण एकटीने उतरत नाही.

शहरातली नर्स ड्युटी संपली की वॉर्डातून बाहेर पडते. आशा २००५ सालच्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानापासूनच त्याच गावची, साधारण हजार लोकवस्तीमागे एक, अशी निवडली जाते. तिचा वॉर्ड तिच्या उंबऱ्यापासूनच सुरू होतो. गेलेलं बाळ भावकीतलं असतं, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याची बायको तिच्याच बचत गटात असते. ओळखीमुळेच काम होतं आणि ओळखीमुळेच ते काम रात्रीही डोक्यातून जात नाही. म्हणून ‘काम कामाच्या जागी ठेवा’ हा शहरी सल्ला इथे उपयोगाचा नाही. इथली कुंपणं वेगळ्या ठिकाणी घालावी लागतात.

आधी ओळखा: शीण कोणता आहे

दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाने चालतात आणि मग उपाय चुकतो.

पहिला करुणेचा शीण. तो दुसऱ्याच्या दुःखाजवळ वारंवार बसल्याने येतो. अमेरिकेत नर्सेसच्या संदर्भात १९९२ साली त्याला नाव मिळालं. तो कधी एका घटनेनंतर अचानक येतो: फोन वाजला की पोटात गोळा, डोळे मिटले की तोच चेहरा, स्वतःच्या मुलाला साधा ताप आला तरी हातपाय गार. कधी उलटंही होतं. मृत्यूची बातमी ऐकून काहीच वाटत नाही.

दुसरा कामाचा शीण, ज्याला सगळे बर्नआउट म्हणतात. तो हळूहळू चढतो. तीच माहिती रजिस्टरमध्ये आणि पुन्हा मोबाइलमध्ये भरणं, रखडलेला मोबदला, आज सांगून उद्या मागितलेला सर्व्हे, आणि एवढं करून बैठकीत ऐकून घ्यावं लागणं. जागतिक आरोग्य संघटना त्याला आजार म्हणत नाही. नीट न सांभाळलेल्या कामाच्या ताणाचा परिणाम, असं ती म्हणते आणि त्याच्या तीन खुणा सांगते: शक्ती संपल्यासारखं वाटणं, कामाबद्दल दुरावा किंवा कडवटपणा, आणि ‘माझ्याने काही होत नाही’ ही भावना.

पहिल्याला माणसांची सोबत लागते. दुसऱ्याला काम कमी करणं, पैसे वेळेवर मिळणं आणि सुट्टी लागते. मोबदला तीन महिने अडकलेल्या बाईला प्राणायाम शिकवणं हा तिचा अपमान आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे.

प्रत्यक्ष कामात आधी दिसतात त्या खुणा अशा. एखादं ठरावीक घर टाळण्यासाठी लांबच्या रस्त्याने जाणं. काटा पिशवीतून न काढता मागच्या वेळेपेक्षा थोडं जास्त वजन लिहिणं. ‘हिला किती वेळा सांगायचं’ हे वाक्य एकाच मातेबद्दल पुन्हा पुन्हा तोंडात येणं. बैठकीत नेहमी बोलणारी बाई शेवटच्या रांगेत गप्प बसणं. अंदाजाने भरलेलं वजन पकडलं गेलं की लगेच ‘कामचुकार’ असा शिक्का बसतो. गटप्रवर्तकाने तिथे आधी विचारावं, “त्या घरात जायला जड जातंय का?” पुष्कळदा उत्तर तिथेच सापडतं.

शनिवारचा आकडा

डायरीच्या शेवटच्या पानावर दर शनिवारी तीन आकडे लिहा, प्रत्येकी ० ते १०: झोप किती नीट लागली, कामाला निघताना मन किती जड होतं, आणि या आठवड्यात आपल्या हातून काही चांगलं झालं असं किती वाटलं. बाजूला एक ओळ, कशामुळे. दोन मिनिटांचं काम आहे. हे रोगनिदान नाही आणि कुणाला दाखवायचंही नाही. एका आठवड्याचा आकडा वाचू नका. लग्नसराई, पेरणी, घरातलं आजारपण यांनी तो हलतोच. सलग तीन आठवडे झोप खाली आणि जडपणा वर जात असेल, तर पुढच्या बैठकीची वाट न पाहता गटप्रवर्तकाला फोन करा.

फोन

सगळ्यात जास्त शीण फोनमुळे साठतो. आवाज बंद केला तर जोखमीच्या मातेची भीती. चालू ठेवला तर रात्री अकराला कुणीतरी कार्डाबद्दल विचारतं. त्यासाठी अँड्रॉइड फोनमध्येच एक सोय आहे.

जोखमीच्या माता, नववा महिना लागलेल्या माता आणि बेचाळीस दिवसांच्या आतली बाळं, एवढ्या घरांचे नंबर ‘आवडते’ म्हणून तारा लावून ठेवा. घरात तीन फोन असतील तर तिन्ही. अडचणीच्या वेळी नवऱ्याचा फोन बंद आणि दिराचा चालू, असंच होतं. मग सेटिंगमध्ये ‘व्यत्यय आणू नका’ रात्री नऊ ते सकाळी सहा लावा आणि त्यात दोन परवानग्या द्या: तारा लावलेल्या नंबरांना, आणि पुन्हा पुन्हा कॉल करणाऱ्यांना. दुसऱ्या परवानगीमुळे पंधरा मिनिटांच्या आत त्याच नंबरावरून दुसरा कॉल आला तर फोन वाजतो. गावात सांगून ठेवा, “रात्री खरंच अडचण असेल तर लागोपाठ दोनदा लावा.” लावल्यावर त्याच रात्री दोन वेगवेगळ्या नंबरांवरून तपासून बघा. यादी दर महिन्याच्या एक तारखेला बदला. ती जुनी राहिली की नव्या मातेचा फोन पहिल्या वेळी वाजणार नाही.

रात्री केव्हाही कशासाठी फोन करायचा, हे गरोदर मातेच्या घरी तोंडी सांगा आणि कार्डाच्या मागे लिहून द्या: रक्तस्राव, झटके, कळा, पाणी जाणं, बेशुद्धी, बाळ दूध ओढत नाही, बाळाचा श्वास जोरात चालतो, बाळ गार पडलंय. वर मोठ्या आकड्यांत १०८ लिहा आणि आशाच्या आधी तिथे फोन करायचा हे दोनदा सांगा. गाडी यायची वेळ आशाच्या फोनमागे वाया जाऊ नये.

दोन घरांच्या मधली पाच मिनिटं

दुःखाच्या घरातून थेट नवजात बाळाकडे जाऊ नका. दिवसाची शेवटची भेटही जड घराची ठेवू नका, नाहीतर ते दुःख तुमच्याबरोबर स्वयंपाकघरात येतं. ती भेट मध्ये घ्या आणि तिच्यानंतर असं घर ठेवा जिथे बाळ चांगलं वाढतंय.

मधल्या वेळात, शाळेच्या ओट्यावर किंवा अंगणवाडीच्या पायरीवर: साबणाने हात धुवा (बाळासाठी ते करायचंच असतं), पाणी प्या, मग नाकाने श्वास घेताना मनात चार मोजा आणि सोडताना सहा. असे बारा श्वास म्हणजे दोन मिनिटं. श्वास सोडणं लांबवलं की हृदयाची धडधड मंदावते, म्हणून सहा. गरगरल्यासारखं झालं तर श्वास जास्त खोल घेतले जात आहेत, साधे घ्या. उरलेल्या वेळात डायरीत एक ओळ: या घरात पुढचं काम काय आणि कोणत्या तारखेला. तारीख कागदावर उतरली की डोकं ती धरून बसत नाही.

त्या घरात बसलेलं असतानाही एक फरक करता येतो. जर्मनीत लाइपझिगच्या मॅक्स प्लांक संस्थेत तान्या सिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन गोष्टी वेगळ्या करून तपासल्या. समोरच्याचं दुःख स्वतः अनुभवण्याचा सराव केलेल्यांना जास्त वाईट वाटू लागलं. मग त्यांनाच त्या माणसाचं भलं चिंतण्याचा सराव दिल्यावर मन सावरलं. कामात याचा अर्थ असा: ‘हिच्या जागी मी असते तर’ हा विचार सुरू झाला की मनातला प्रश्न बदला, ‘आत्ता हिला माझ्याकडून एक काय हवंय?’ कधी ते दुधाने भरून आलेल्या छातीवर काय करायचं ते सांगणं असतं, कधी सासूला जरा बाजूला नेणं, कधी नुसतं शेजारी बसणं.

गावात मृत्यू झाला तर

पहिल्या चोवीस तासांत गटप्रवर्तकाने यावं; येणं शक्यच नसेल तर फोन करावा. पहिला प्रश्न “किती भेटी झाल्या होत्या?” हा नको. “तुम्ही जेवलात का, घरी कोण आहे?” इथून सुरुवात करा. अहवाल आणि मृत्यूच्या अन्वेषणाची (कारणांच्या तपासाची) माहिती लागणारच आहे, पण ती वेगळ्या दिवशी, आणि जमलं तर दुसऱ्या व्यक्तीने घ्यावी. धीर देणारी आणि चौकशी करणारी बाई एकच असली की आशा दोघींपासूनही लपू लागते.

बोलण्याची सक्ती करू नका. घटनेनंतर लगेच एकदाच बसवून सगळं वदवून घेण्याची पद्धत पूर्वी होती; तिचा उपयोग होत नाही, काहींना त्रासच होतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटनाही ती करू नका असं सांगते. जवळ असणं, जेवण, झोप आणि कामाची अदलाबदल एवढं पहिल्या तीन दिवसांना पुरे. त्या दिवसांतल्या बाळांच्या भेटी शेजारच्या आशाने कराव्यात, कारण तिसऱ्या आणि सातव्या दिवसाची भेट पुढे ढकलता येत नाही.

त्या घरी भेटायला जायचं की नाही, हे ताईने ठरवावं. जायचं असेल तर वही-पिशवी घरी ठेवून, शेजारीण म्हणून जावं. पहिल्या भेटीला रजिस्टर हातात असलं की घरच्यांना ती चौकशीला आल्यासारखी वाटते आणि पुढे वर्षभर ते दार अर्धंच उघडतं.

आठवडा उलटला की अपराधीपणा वर येतो. त्यासाठी प्रशिक्षणात शिकलेले ‘तीन विलंब’ वापरा: घरच्यांनी निर्णय घ्यायला झालेला, दवाखान्यात पोहोचायला झालेला आणि तिथे उपचार मिळायला झालेला. कागदावर तीन रकाने आखा. प्रत्येकात लिहा: तेव्हा मला काय माहीत होतं, मी काय केलं, काय माझ्या हातात नव्हतं. ‘तेव्हा’ हा शब्द महत्त्वाचा आहे. आज कळलेल्या गोष्टींवरून त्या दिवसाचा निवाडा होतो आणि तोच मनाला खातो. तिसरा रकाना बहुतेक पूर्ण दवाखान्याचा असतो, पण गावात बोल मात्र आशालाच लागतो. कागदावर खरंच आपली एखादी चूक दिसली, समजा धोक्याची खूण लक्षात आली नाही, तर ती गटप्रवर्तकाशी दोघींतच बोला आणि ती खूण पुढच्या भेटीत एकत्र तपासा. “तुझी काहीच चूक नाही” असं खोटं सांगितलं की तिला ते कळतं आणि पुढचं खरंही पटत नाही.

बैठकीतली वीस मिनिटं

गटप्रवर्तकाकडे साधारण वीस आशा असतात आणि महिन्याला बैठक होतेच. नवीन काही उभारायची गरज नाही. त्याच बैठकीत वीस मिनिटं राखायची. ती सुरुवातीलाच, अहवालांच्या आधी. शेवटी ठेवली की अर्ध्या जणींचं लक्ष एसटीकडे असतं.

पाच-पाचचे चार गट करा, शेजारच्या गावांच्या आशा शक्यतो वेगळ्या गटांत. वैद्यकीय अधिकारी आणि इतर साहेब त्या वेळी खोलीबाहेर. पहिली दोन मिनिटं नियम: रुग्णाचं नाव घ्यायचं नाही, इथलं बाहेर न्यायचं नाही, मध्ये बोलायचं नाही, बोलायचं नसेल तर “पुढे” म्हणायचं. मग प्रत्येकीला तीन मिनिटं, घड्याळ लावून. या महिन्यात जड काय गेलं आणि त्यात आपण काय केलं. सल्ला नाही. शेवटची तीन मिनिटं फक्त मागण्यासाठी: “मला पुढच्या आठवड्यात त्या घरी कुणीतरी सोबत हवंय.” मागणी ज्या बाईने स्वीकारली तिने तारीख तिथेच लिहायची.

गोष्ट सांगताना तपशील कमी ठेवा. आधी विचारा, “जड आहे, सांगू का?” मग काय झालं ते एका वाक्यात आणि आपल्याला काय वाटलं ते बाकी वेळात. फास, रक्त, बाळाचा रंग यांचं वर्णन ऐकणारीच्या डोळ्यांपुढे उभं राहतं आणि एकीचा शीण पाच जणींना वाटला जातो. याच कारणाने गटाच्या व्हॉट्सॲपवर मृत बाळाचा किंवा अपघाताचा फोटो कधीही टाकू नका. विदर्भ-मराठवाड्यात ‘प्रेरणा’ प्रकल्पात घरोघर जाऊन शेतकऱ्यांच्या नैराश्याची चौकशी करणाऱ्या आशांना हे विशेष लागू आहे.

हे कुठे बिघडतं तेही सांगायला हवं. एक, सगळा वेळ मोबदल्याच्या तक्रारीत जातो. तक्रार खरी असते, म्हणून तिला गप्प बसवू नका; भिंतीवर ‘मागण्या’ असा वेगळा कागद लावा, त्यावर लिहून घ्या आणि बैठकीच्या दुसऱ्या भागात तो वाचून तालुक्याला कोण, कधी देणार ते ठरवा. दोन, कुणी रडू लागलं की सगळ्या जणी “रडू नको गं” करत धावतात. शेजारची एकच बाई थोडी जवळ सरकली तरी पुरतं. बोलण्याची वेळ तिचीच राहू द्या. तीन, खोलीतली गोष्ट गावात पोहोचते. असं एकदा झालं तर पुढच्या बैठकीत ते नाव न घेता उघड मान्य करा आणि गट बदला. दुर्लक्ष केलंत तर त्या दिवसापासून सगळ्या जणी “पुढे” म्हणतील.

कामाचा भार

दोन आठवडे प्रत्येक कामाला लागलेला वेळ डायरीत टिपा: भेटी, प्रवास, रजिस्टर, मोबाइल, बैठका, ऐनवेळी सांगितलेलं. ‘काम फार आहे’ याला वरून उत्तर मिळत नाही. ‘हीच माहिती तीन ठिकाणी भरण्यात आठवड्याला इतके तास जातात’ याला देणं भाग पडतं. वीस जणींच्या डायऱ्यांची बेरीज करून गटप्रवर्तकाने लेखी द्यावी आणि पोच घ्यावी.

मोबदल्याचा दावा महिनाअखेरीस आठवून भरला की त्यातली कामं सुटतात. काम झालं त्याच दिवशी तारीख आणि मातेचं नाव लिहा, दाव्याचा फोटो काढून ठेवा, आणि काय मंजूर झालं, काय कापलं ते पुढच्या महिन्यात त्याच पानावर जुळवा.

ऐनवेळी काम आलं तर सरळ नकार देणं प्रत्येकीला जमत नाही. त्याऐवजी असं म्हणा: “साहेब, आज दोन बाळांची सातव्या दिवसाची भेट आहे. सर्व्हे आज केला तर ती चुकते. कोणतं आधी करू, तेवढं लिहून पाठवा.” बहुतेक वेळा लिहून येत नाही आणि सर्व्हे उद्यावर जातो.

सुट्टीसाठी जोडी लावा. शेजारच्या वस्तीची आशा आणि तुम्ही, आठवड्याला एक दिवस एकमेकींचा फोन सांभाळायचा. आदल्या संध्याकाळी अर्धं पान द्यायचं: येत्या पंधरा दिवसांत दिवस भरणाऱ्या माता, जोखमीच्या माता, कोणत्या बाळाचा कितवा दिवस, टीबीच्या गोळ्या कुणाला. ज्या घरांत दुसरी ताई जाणार तिथे तिला आधी एकदा सोबत नेऊन ओळख करून द्या. अनोळखी बाईला बाळाचं वजन करू देत नाहीत. भेटीचे पैसे जिने भेट दिली तिचे, हे पहिल्याच दिवशी बोलून घ्या. जोड्या तुटतात त्या बहुतेक यावरूनच.

प्रसूतीसाठी मातेबरोबर रात्र काढली असेल तर दुसरा दिवस मोकळा ठेवा. तारीख न चुकवता येणारी भेट असेल तेवढीच, तीही दोन-तीन तास झोपून मगच. झोप अनावर असताना गाडी चालवत घरी येऊ नका. दवाखान्यातच वीस मिनिटं डोळे मिटा, मग निघा. दुपारनंतर चहा घेऊ नका, म्हणजे रात्रीची झोप परत जागेवर येते.

इथून पुढे डॉक्टर

सलग दोन आठवडे उदास वाटणं, कशातच मन न लागणं, झोप-भूक बिघडणं. किंवा महिना उलटला तरी तेच दृश्य डोळ्यांपुढे येत राहणं. इथे गटाचा आधार कमी पडतो. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्याची ओपीडी असते. आपल्याच आरोग्य केंद्रात चर्चा होईल अशी भीती वाटत असेल तर थेट तिथे जा.

एखादी ताई ‘मी नसते तर बरं झालं असतं’ असं बोलली, तर स्पष्ट विचारा, “जीव द्यावासा वाटतो का?” विचारल्याने तो विचार डोक्यात घातला जात नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ असेल तर तिला एकटं सोडू नका, घरातलं फवारणीचं औषध त्याच दिवशी दुसऱ्याच्या ताब्यात कुलूपबंद ठेवायला घरच्यांना सांगा, आणि तिच्या शेजारी बसूनच १४४१६ला फोन लावा. काही घेतलं असेल तर १०८.

उपचारानंतर कामावर येणाऱ्या ताईला पहिले दोन आठवडे लसीकरणाचं सत्र आणि मोठ्या बाळांच्या भेटी द्या. ज्या घरी घटना घडली तिथली पहिली भेट गटप्रवर्तकाने तिच्याबरोबर करावी. आणि गटप्रवर्तकाने स्वतःसाठी शेजारच्या केंद्रातली एक गटप्रवर्तक धरून ठेवावी. वीस जणींचं ऐकणाऱ्या बाईला महिन्यातून एकदा, ठरलेल्या वारी, एक तास तिचं ऐकणारं कुणीतरी लागतं. तो वार आत्ताच दोघींच्या डायरीत लिहून टाका.